वाळवणावरची हाक

गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन, वर तुपाची धार सोडून, साखर भुरभुरून ज्यानं खाल्ला नाही, त्याच्याशी उन्हाळ्याबद्दल काय बोलायचं, सांगा बघू! माझी नात इरा म्हणते, "आजी, हे डिंकासारखं दिसतं." दिसू दे. आम्हाला त्यासाठी पहाटे अंथरुणातून ओढून काढावं लागायचं नाही, वासानंच जाग यायची. भिजवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास, त्यात हिंग, आणि पातेल्यात लाकडी कालथा फिरवणाऱ्या इंदूमावशीच्या बांगड्यांचा आवाज. चीक शिजला की आधी आम्हा पोरींची वाटी निघायची, मग उरलेला सोऱ्यात जायचा. "खाऊन घ्या गो आधी. पोट भरलेलं असलं की हात नीट चालतो," असं ती म्हणायची. एरवी हिशेबी बाई, पण चिकाच्या बाबतीत हात सढळ.

त्या वर्षी माझी बारावीची परीक्षा झालेली. आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहायचो, आणि मी घरी बसून निकालाची वाट बघत आईचं डोकं खात होते. इंदूमावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूला एका तीन मजली बिल्डिंगमध्ये एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. उन्हाळ्यात ती कुरडया, उडदाचे पापड, सांडगी मिरच्या करून विकायची. डोंबिवलीतल्या नोकरी करणाऱ्या बायका तिच्याकडे आधीपासून सांगून ठेवायच्या. आई म्हणाली, "जा तिच्याकडे, कामाला हात लाव, चार पैसे मिळतील." मी एका पायावर तयार झाले. पण खरं कारण आईनं मला पोचवायला येताना वाटेत सांगितलं.

मावशीची एकुलती मुलगी नंदा माझ्याहून मोठी होती. मला ती तिच्या दोन वेण्यांनी आठवते, बाकी चेहरा काही केल्या आठवत नाही. मावशीकडची सगळी कोकणात गावी गेलेली असताना, मे महिन्यात, अंगणात पापड वाळत घातलेले आणि नंदा राखणीला बसलेली. टळटळीत दुपार. कुणीतरी हाक मारली, "नंदे!" ती "ओ, आले," म्हणून उठली आणि घराला वळसा घालून मागे गेली. मागे कुणी नव्हतं. घरातल्या कुणीच हाक मारलेली नव्हती. संध्याकाळी तिला ताप भरला आणि आठवड्याच्या आत ती गेली. "विषमज्वर होता तो," आई म्हणाली. "डॉक्टर तसंच म्हणाले. पण तुझ्या मावशीचं डोकं त्या हाकेवर अडकलंय. मला भीती वाटते शाले, एक दिवस तिला नंदाची हाक ऐकू येईल, ती ओ देईल आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली जाईल. मला एवढी एकच बहीण आहे. तिच्यावर लक्ष ठेव बाई."

आमच्याकडे कोकणात हे लहान पोरालाही माहीत असतं. अवेळी कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा मारेल. ते जे असतं ते एकदाच मारतं, आणि ओळखीच्या आवाजात मारतं. आम्ही पोरं यावर हसायचो, आणि हसून झालं तरी पहिल्या हाकेला ओ द्यायचो नाही. मावशीनं मात्र त्याच्या वरताण केलेली. तिच्या घरात कुणी कुणाला हाकच मारायची नाही. जिन्याच्या गजांना तिनं एक जुनी स्टीलची थाळी बांधून ठेवलेली. कुणी खाली हवं असेल तर कालथ्यानं थाळी वाजवायची. वरच्यानं वरून कठड्यावर खडा वाजवून उत्तर द्यायचं. शेजारणी म्हणायच्या, "इंदूताई, देवळात आल्यासारखं वाटतं हो तुमच्याकडे." मावशी हसायची नाही.

माझ्या जोडीला भारती होती. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती ती तिच्या आज्याची. मागच्या बाजूला त्यांचं जुनं कौलारू घर अजून होतं. माझ्याच वयाची, तोंडाची फाटकी, आणि हसायला लागली की पापडाची लाटी हातातून सुटायची. उडदाच्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून कच्च्याच खायला मला तिनं शिकवलं. "खा गो, काय मरत नाय," म्हणायची. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालायचो, नंतर पापड लाटायचो, आणि दुपारी आळीपाळीनं पाण्याच्या टाकीच्या सावलीत राखणीला बसायचो.

त्या दुपारच्या वेळेबद्दल सांगते. लोक रात्रीला घाबरतात, मला ते कधी कळलेलं नाही. रात्री निदान शेजारच्या घोरण्याचा आवाज येतो. मे महिन्यात दुपारी बारा-साडेबाराला गच्चीवर बसून बघा. कावळेसुद्धा कुठे जातात कोण जाणे. काठीला काळं फडकं बांधलेलं असायचं, ते हलायचं नाही. खाडीकडून ओल्या चिखलाचा वास यायचा, आणि त्या बाजूला घरं नव्हतीच, नुसतं खारट, पांढरं पडलेलं रान. अशा वेळी कुरडया वाळायला लागल्या की कागद सोडतात, आणि सोडताना बारीक कट् असा आवाज होतो. आधी इथे एक, मग तिथे एक, मग सगळ्या गच्चीभर. चादरीखाली कुणीतरी बोटं मोडत असावं तसं. पहिल्या दिवशी मी उठून उभीच राहिलेले. नंतर सवय झाली, पण खरी सवय काही झाली नाही.

संध्याकाळी मात्र आमचं राज्य. वाळवण गोळा करून डब्यांत भरलं, तोंडं धुतली, की मी आणि भारती बाहेर. स्टेशनजवळच्या गल्लीत केसांचे चाप आणि रिबिनी नुसत्या उलटसुलट करून बघायच्या, दुकानदार कंटाळला की पुढच्या दुकानात. आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. फडके रोडवर उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि कुठल्या मुलाचे केस जास्त लांब यावर वाद घालायचा. एकदा कल्याणला दुर्गाडी किल्ल्यावर गेलेलो, तिथे खाडीचं वारं इतकं होतं की भारतीची ओढणी उडून कुणा काकांच्या डोक्यावर बसली. ते काका ती तशीच पांघरून आमच्याकडे बघायला लागले आणि आम्ही हसून हसून पायरीवरच बसलो. मावशीला रोज म्हणायचो, "चल ना गं तू पण." ती म्हणायची, "आणि घर कुणी बघायचं? जा तुम्ही." नंदा गेल्यापासून ती गंमत म्हणून कुठे गेलेली नव्हती. फिकट साडी, कामापुरतं बाहेर, की परत घरात. मी तिच्यावर लक्ष ठेवून होते. दुपारी ती गच्चीवर आली की मी कठडा आणि ती यांच्या मध्ये बसायचे. तिला ते कळलेलं असणार.

आणि मग ती दुपार आली. भारती जेवायला घरी गेलेली. मी टाकीच्या सावलीत एकटी, मांडीवर पाण्याची बाटली. कट्, कट्, चालू होतं. आणि एकदम ते थांबलं. सगळ्या कुरडया एकदम गप्प. मी मान वर केली, आणि खाडीकडच्या बाजूनं, जिथे कठड्यापलीकडे नुसती हवा होती तिथून, माझ्या आईच्या आवाजात हाक आली.

"शाले!"

आई मला अशीच हाक मारते, 'ले' जरा लांबवून, थोडी वैतागून, म्हणजे दूध उतू चाललंय आणि तू कुठे उलथलीयेस. शंभरातून ओळखला असता असा आवाज. माझं तोंड उघडलेलं, ओ अगदी ओठांवर आलेली. कशी आठवण झाली देव जाणे, मी ओढणीचा बोळा करून तोंडावर दाबला. त्या उन्हात माझे पाय गार पडले. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. ये, दुसरी ये, असं मनात म्हणत होते. दुसरी आली नाही.

त्याऐवजी माझ्या मागून, जिन्याच्या दारातून, स्वच्छ आवाज आला, "ओ! आले गो!"

मावशी दारात उभी होती. हातात ताकाचा पेला. ती खाडीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दारातल्या पाहुण्याला या म्हणावं तसा चेहरा होता तिचा. मी झेप घालून तिला धरलं, मला वाटलं ती आता कठड्याकडे धावणार. पण ती जागची हललीसुद्धा नाही. ताक सांडू नये म्हणून हात वर धरून म्हणाली, "अगो, धर हे. पी आधी." आणि त्याच वेळी आमच्या पायापाशी एक कुरडई कट् करून सुटली. मग दुसरी. मग सगळ्या.

"मावशी, हाक मला आली होती," मी म्हटलं.

"माहितेय."

"मग तू का ओ दिलीस?"

"मला ऐकू आली म्हणून," ती म्हणाली, आणि वाकून कुरडया उलटायला लागली.

मी पेला तसाच ठेवून जिने उतरले आणि नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानातून वर्तकनगरला शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी आईला बोलावून आणेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला. आई आली, धडधाकट, चिडलेली. "मी कशाला हाक मारू तुला? मी रेशनच्या रांगेत होते. काय झालं? इंदू बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. त्या क्षणी ती खरंच बरी होती.

संध्याकाळी भारती मला बोलवायला आली, आणि आतून मावशी म्हणाली, "थांबा गो, मी पण येते." भारतीनं आनंदानं उडी मारली. मी मात्र मावशीला चिकटूनच चालत राहिले. मावशी आमच्याबरोबर उसाचा रस प्यायली. ग्लास उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उल्हासनगरला जाऊ, तिथे कापड स्वस्त मिळतं. विठ्ठलवाडीला उतरून आम्ही चालत बाजारात गेलो. आणि ज्या बाईनं वर्षानुवर्षं फिकट रंगाशिवाय काही नेसलं नव्हतं, तिनं मोरपंखी साडी काढायला लावली, खांद्यावर टाकून आरशात बघितली आणि दुकानदाराशी घासाघीस न करता घेतली. घासाघीस न करता! परतताना मी तिचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "काय गो, लहान आहेस का?" पण तिनंही सोडवून घेतला नाही.

मी भारतीच्या आयला विचारलं. त्यांचं घर गावदेवीचं मानणारं, तिला अशातलं कळत असेल असं वाटलं. तिनं कोळंबी सोलायची थांबवली आणि सगळं ऐकलं. "गावदेवीला नारल देतंव मी," ती म्हणाली, "पन पोरी, हाक घेतली ती घेतली. ती परत नाय देता येत." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्या हाताला कोळंबीचा वास होता. मला इतका राग आला सगळ्यांचा. आईचा, त्या आवाजाचा, मावशीचा तर सगळ्यात जास्त. कुणी सांगितलं होतं हिला?

ते मी तिला विचारलं तलावपाळीला. तिनंच ठरवलं होतं, ठाण्याला जायचं, आईला तिथेच बोलवायचं, होडीत बसायचं. आई पाण्याला घाबरते, ती शेंगदाण्याची पुडी घेऊन काठावरच थांबली. मला आणि मावशीला होडीवाल्यानं मधोमध नेलं. मावशी मोरपंखी साडीत, गोळा खाऊन जीभ काळी-जांभळी झालेली. काळा खट्टा. मी तिथेच रडायला लागले. म्हटलं, "मी ओ दिली नव्हती मावशी. मी वाचले होते. तू कशाला मध्ये पडलीस?"

"तू कुठे वाचली होतीस?" ती हळूच म्हणाली. "ओठ हलले होते तुझे. पुढल्या खेपेला दिली असतीस. नंदाच्या वेळीही पहिल्या खेपेला कुणी दिली नव्हती." मला कळेना. तेव्हा तिनं जे आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "नंदाच्या आधी ती हाक मला ऐकू आली होती. आदल्या दुपारी. मी स्वयंपाकघरात होते. माझ्याच आवाजात, नंदे म्हणून. मी तोंड दाबून बसले. नियम पाळला. वाटलं, टळलं. ते टळत नाही गो. कुणीतरी ओ देईपर्यंत ते परत येतं. मी दिली असती तर माझं पोर राहिलं असतं." तिनं पाण्यात हात घातला. "इतकी वर्षं वाट बघितली मी, परत एकदा ऐकू यावी म्हणून. आता मला फार बरं वाटतंय. तू रडू नको. आणखी एक गोळा खाऊया का?"

खाल्ला आम्ही. काठावर आई तिला दाणे सोलून देत होती, आणि दोघी बहिणी कुणा जुन्या मास्तरीणबाईंची नक्कल करून इतक्या हसल्या की लोक वळून बघायला लागले. मी आईला त्याच संध्याकाळी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आई खुळी नाही. म्हणाली, उद्याच तिला डॉक्टरकडे नेऊ. नेलंही. डॉक्टरांनी छाती तपासली, ब्लडप्रेशर जरा वर आहे म्हणाले, मीठ कमी करा. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "पापडवालीला मीठ कमी करा म्हणतोय," आणि पुन्हा हसत सुटली. एवढी हसलेली ती मी त्या उन्हाळ्यातच बघितली.

शेवटची कुरडई घातली त्या दुपारी राखणीला तीच बसली. आकाशात खाडीच्या बाजूला थोडे ढग दिसत होते आणि वाळवण आटपायची घाई होती. मी खाली डबे पुसत होते. जेवायची वेळ झाली तेव्हा मी थाळी वाजवली. वरून खडा वाजला नाही. पुन्हा वाजवली. जिन्यात उभी राहून ऐकत राहिले तर वरून फक्त कट्, कट्, कट्. मग मी त्या घरात कुणीच करत नसे ते केलं, मोठ्यानं हाक मारली. "मावशी!" एकदा. "मावशी!" दोनदा. मी माणूस होते, मी तीनदा मारली.

ती टाकीच्या सावलीत बसलेली होती, मोरपंखी साडीत, हनुवटी छातीवर टेकलेली, मांडीवर कावळे हाकायची काठी. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. विषमज्वर, हृदय, असेल. मी डॉक्टरांशी कधी वाद घालत नाही. ठाण्याहून धावत आलेल्या आईनं तिच्याजवळ बसून तिच्या केसांतून हात फिरवला आणि मला एकच वाक्य म्हणाली, "तू लक्ष ठेवलंस, मला माहितेय." मग त्या दोघींच्या मधे मीही बसून राहिले, आणि भारती हुंदके देत एकटीच कुरडया गोळा करत होती, कारण वाळवण उन्हात टाकून चालत नाही.

हे सगळं त्या उन्हाळ्यानंतर मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिते आहे ते वर्तकनगरातल्याच घरात. जुनी कॉलनी पाडून टॉवर उभा राहिलाय आणि आमच्या वाट्याला नवव्या मजल्याची बाल्कनी आलीये. सुट्टीसाठी इरा आलीये, तिचीही बारावी झालीये. कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करते, दिवसभर कानात हेडफोन आणि समोर लॅपटॉप. तिला म्हटलं, हे कसलं गं उन्हाळ्याचं काम, ना हात खराब होतात, ना काही खायला मिळतं! तिच्यासाठीच यंदा हौसेनं दोन ताटं कुरडया घातल्यात बाल्कनीत. तिनं चीक खाल्ला. "डिंक बरा लागतो," म्हणाली.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. कुरडया सुटायला लागल्या होत्या. आणि त्या एकदम थांबल्या. इतक्या वर्षांनी, पण ते थांबणं मी लगेच ओळखलं. बाल्कनीच्या गजांपलीकडे, नवव्या मजल्याच्या बाहेर, जिथे नुसती हवा आहे तिथून, माझ्याच आवाजात हाक आली. "इरे!"

मला वाटायचं, अशी वेळ आली तर मी भीतीनं गोठेन. छे. राग आला, आणि मग मला मावशीचा तो चेहरा आठवला आणि तो आता माझ्या तोंडावर आहे हे मला आरशाशिवाय कळलं. ओ काय ती द्यायला वेळ कितीसा लागतो.

इरानं आतून एका कानावरचा हेडफोन वर केला. "आजी, मला हाक मारलीस का?"

"नाही गं. मला कुणीतरी मारली होती. मी दिली ओ," मी म्हटलं. ताटात एक कुरडई कट् करून सुटली, मग दुसरी. "तुझं काम कधी आटपतंय? संध्याकाळी तलावपाळीला जाऊ. होडीत बसू. मला गोळा खायचाय."

"आजी, तुला शुगर आहे!"

"असू दे," मी म्हटलं. "काळा खट्टा. आणि आजच जाऊ."